सालीवरचा अर्ज, कॅनव्हासवरची साक्ष

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भूमिहक्काच्या लढ्याने मागे काय ठेवले, असे विचारले तर यादी चटकन होते : दोन-चार कायदे, पाच-सहा मोठे निकाल, एक झेंडा आणि संग्रहालयांच्या भिंतींवरची बरीच चित्रे. चित्रे यादीत शेवटी येतात आणि ‘निषेधाची कला’ या खणात जाऊन पडतात. काढणाऱ्यांनी मात्र त्यातली कितीतरी चित्रे जमिनीचा पुरावा म्हणून पुढे केली होती. तो पुरावा कधी वाचला गेला आणि कधी नुसताच टांगला गेला, एवढ्यापुरते हे टिपण आहे. वसाहत कशी झाली आणि ‘कुणाचीही नसलेली भूमी’ हा सिद्धान्त कुठून आला, ही उजळणी गाळली आहे. ती सगळीकडे मिळते.

१९६३ : मजकूर आणि चौकट

उत्तर ऑस्ट्रेलियातले आर्नहेम लँड १९३१ पासून आदिवासींसाठी राखीव होते. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, गोव्ह द्वीपकल्पावर, यिरकाला इथे १९३५ मध्ये मेथडिस्ट मिशन आले. जमिनीखाली बॉक्साइट निघाले आणि १३ मार्च १९६३ रोजी केंद्र सरकारने राखीव क्षेत्रातून ३०० चौरस किलोमीटरहून जास्त जमीन खाणीसाठी वगळली. तिथे राहणाऱ्या योलंगू लोकांना आधी कुणी विचारले नाही. निर्णय झाल्यावर अधिकारी तो ऐकवायला आले, आणि लोकांचे म्हणणे कॅनबेरापर्यंत पोचवायची जबाबदारीही त्यांनी घेतली नाही.

योलंगूंचे एक मोठे काम तेव्हा नुकतेच पुरे झाले होते. मिशनच्या नव्या चर्चसाठी त्यांनी मॅसोनाइटच्या पाट्यांवर दोन फलक रंगवले होते, प्रत्येक सुमारे ३.६ मीटर उंच. योलंगूंच्या जगाचे दोन भाग आहेत, धुवा आणि यिरिचा. प्रत्येक माणूस, कुळ, झाड, मासा, वारा आणि पाणवठा यांपैकी एका भागात येतो, आणि सोयरीक नेहमी दुसऱ्या भागाशीच होते. एका फलकावर धुवा कुळांच्या वडीलधाऱ्यांनी आणि दुसऱ्यावर यिरिचा कुळांच्या वडीलधाऱ्यांनी आपापल्या जमिनीची नक्षी काढली. ज्याची जमीन त्याचाच हात. शेजारच्या कुळाचा भाग कुणी रंगवला नाही. जुलै १९६३ मध्ये विरोधी पक्षाचे दोन खासदार यिरकालाला आले. त्यातल्या एकाने हे फलक पाहिले आणि संसदेकडे अर्ज करायचा तर तो असाच रंगवून, सालीवर करा, असे सुचवले. (पुढे १९७० च्या दशकात हेच फलक चर्चला नकोसे झाले आणि बाहेर काढले गेले. गावच्या कलाकेंद्राने ते वाचवले. आज त्यांच्यासाठी तिथे वेगळे दालन आहे.)

अर्ज चार झाले. कागदावर योलंगू भाषेत आणि इंग्रजीत मजकूर टाइप केलेला; टायपिंगचे काम मिशनप्रमुखांच्या पत्नीने केले. तो कागद सालीच्या मध्यभागी चिकटवला आणि भोवती गेरूमातीच्या रंगांत नक्षी आली. संसदेचे नियम इंग्रजी मजकूर आणि अर्जाची ठरावीक नम्र भाषा मागतात, म्हणून मजकूर ‘आम्ही प्रार्थना करतो’ या वळणाचा आहे. त्यातले मुद्दे मात्र रोकठोक आहेत. वगळलेल्या जमिनीवर जवळजवळ ५०० माणसे राहतात. निर्णय लपवून ठेवला गेला. ही जमीन अनादी काळापासून त्यांच्या शिकारीची आणि अन्न गोळा करण्याची आहे. मेलव्हिल उपसागराच्या काठी त्यांची पवित्र ठिकाणे आहेत. लारकिया लोकांची जी गत झाली ती आपली होईल, अशी त्यांना भीती आहे. डार्विन शहर ज्यांच्या जमिनीवर उभे राहिले ते हे लारकिया. मागण्या दोनच : जाणकार दुभाष्यांसह समिती पाठवून आधी म्हणणे ऐका, आणि लोकांचे पोट व स्वातंत्र्य बुडेल असा करार कोणत्याही कंपनीशी करू नका.

पहिला अर्ज १४ ऑगस्टला सभागृहात मांडला गेला. सह्या लिहिता येणाऱ्या तरुण मंडळींच्या होत्या. संबंधित मंत्र्यांनी नेमके तेच धरले : ही मूठभर पोरे सगळ्या जमातीच्या वतीने कशी बोलणार? तेव्हा वडीलधाऱ्यांचे अंगठे घेतले गेले आणि २८ ऑगस्टला दुसरा अर्ज सादर झाला. सह्यांच्या या वादात चौकटीकडे कुणी पाहिलेच नाही. वडीलधाऱ्यांची संमती तिथे आधीच होती, कारण कुळाची नक्षी त्या कुळाच्या अधिकारी माणसाच्या मान्यतेवाचून काढताच येत नाही. एका सालीवर धुवा नक्षी, दुसरीवर यिरिचा : दोन्ही भाग मिळून अख्खा समाज हजर झाला होता. मंत्री शाईतल्या सह्या मोजत बसले.

आपल्याकडे जमीन कुणाची हे सांगायला सातबारा काढतात. योलंगू कुळात ते काम नक्षी, गाणे, नाच आणि पवित्र वस्तू मिळून करतात. जवळून पाहायचे तर गुमाच कुळाचे उदाहरण घेऊ. त्यांच्या नक्षीत शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन एकमेकांना लागून साखळीसारखे येतात. ती आग आहे. लाल म्हणजे ज्वाळा, पांढरे म्हणजे धूर आणि राख, काळे म्हणजे कोळसा. ही आग एका विशिष्ट ठिकाणी, मगरीच्या रूपातल्या पूर्वजाच्या अंगावर पेटली आणि समुद्रात उतरली, असे त्यांचे कथन आहे. चौकोनांची लांबी-रुंदी, रेघांची दाटी आणि रंगांचा क्रम बदलला की कुळ बदलते किंवा त्याच कुळाचे दुसरे ठिकाण होते. जाणत्या डोळ्याला चित्र पाहून गट नंबर सांगता येतो.

सभागृहाने चौकशी समिती नेमली. समिती यिरकालाला गेली आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये तिचा अहवाल आला. पवित्र ठिकाणे जपा, नुकसानभरपाई द्या, दहा वर्षे देखरेख ठेवा, अशा तिच्या शिफारशी होत्या. खाण थांबवा असे तिने म्हटले नाही, आणि खाण थांबली नाही. १९६८ मध्ये कंपनीशी करार होऊन ४२ वर्षांचा पट्टा दिला गेला. लोकांची बाजू घेणाऱ्या मिशनप्रमुखांची त्याआधीच उचलबांगडी झाली होती. चार अर्जांपैकी दोन संसद भवनात राहिले, तिसरा राष्ट्रीय संग्रहालयात गेला. चौथा कितीतरी वर्षे बेपत्ता होता. तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डर्बी गावी एका घरात सापडला आणि २०२३ मध्ये यिरकालाला परत आला.

साल कशी तयार होते

सालचित्र म्हणजे झाडाची साल सोलून त्यावर रंगवले, इतके ते सोपे नाही. लागते ती स्ट्रिंगीबार्क जातीच्या निलगिरीची साल, आणि तीही पावसाळ्यातच. तेव्हा झाडात रस चढलेला असतो आणि साल खोडापासून सुटते. कोरड्या दिवसांत ओढली तर ती चिकटून राहते आणि चिरफाळते. खोड सरळ हवे, गाठी नकोत, वाळवी लागलेली नसावी. वर आणि खाली कुऱ्हाडीने गोल खाच घेतात, मधे एक उभा छेद देतात आणि पाचर सारत अख्खी गुंडाळी सोडवतात. बाहेरचा धाग्याधाग्यांचा थर तासून टाकतात. मग साल आगीवर धरतात. आतल्या ओलीची वाफ होते, साल मऊ पडते आणि उलगडते. ती तशीच जमिनीवर पालथी घालून वर दगड किंवा वाळूचा भार ठेवतात आणि काही दिवस हलवत नाहीत. घाई केली तर ती पुन्हा गुंडाळायला बघते.

रंग चारच : गेरू, पिवडी, काळा आणि पांढऱ्या मातीचा पांढरा. दगडावर पाण्यात उगाळायचे. पूर्वी रंग धरून ठेवायला ऑर्किडच्या कांद्याचा चीक वापरत. आज सुताराचा पांढरा डिंक वापरतात. डिंक कमी पडला तर रंग पुडीसारखा झडतो, जास्त झाला तर मातीचा मंदपणा जाऊन चकाकी येते. जाळीदार रेघांसाठी माणसाच्या सरळ केसांची लहानशी बट काडीला बांधतात. ती रंगात बुडवायची, सालीवर आडवी टेकवायची आणि आपल्याकडे ओढायची. एका ओढीत एक रेघ. रेघांची ही दाटी पृष्ठभागाला जी झळाळी देते ती योलंगूंच्या लेखी पूर्वजाची शक्ती आहे, त्यामुळे रेघ चुकणे ही निव्वळ हस्तदोषाची बाब नाही.

साल पुढेही जिवंत वस्तूसारखी वागते. दमट किनाऱ्यावरून ती कॅनबेराच्या कोरड्या, वातानुकूलित इमारतीत गेली की आकसते, कडा वर उचलतात आणि धाग्याच्या दिशेने चीर पडते. म्हणून वरच्या आणि खालच्या टोकाला काड्या बांधतात, आणि संग्रहालये आर्द्रता राखतात.

२७ एप्रिल १९७१

अर्ज वाया गेल्यावर योलंगू कोर्टात गेले. दावा डिसेंबर १९६८ मध्ये दाखल झाला आणि नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या केंद्राधीन प्रदेशाच्या सर्वोच्च न्यायालयात (नाव तसे असले तरी त्यावर देशाचे न्यायालय असते) एका न्यायाधीशापुढे चालला. ऑस्ट्रेलियात आदिवासींनी जमिनीच्या हक्कासाठी लढवलेला हा पहिला मोठा खटला. निकाल विरुद्ध गेला एवढेच बहुतेक ठिकाणी लिहिलेले सापडते. तो का गेला याची लोकांनी बनवलेली गोष्ट आणि निकालपत्र यांत बरेच अंतर आहे.

न्यायाधीशांनी योलंगूंना कायदा नाही असे म्हटले नाही. उलट, माणसांच्या लहरीवर न चालणारे, नियमांचे राज्य कुठे असेल तर ते या पुराव्यात दिसते, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी लिहिले. पूर्वजांकडून ऐकलेल्या गोष्टी ही ऐकीव साक्ष आहे आणि ती घेऊ नये, हा कंपनीचा आणि सरकारचा आक्षेपही त्यांनी मानला नाही. योलंगूंनी तर रंगा नावाच्या पवित्र वस्तू, ज्या बाहेरच्याला आणि स्वतःच्या बायकामुलांनाही दाखवत नाहीत, त्या कोर्टाला खासगीत दाखवल्या. त्यांच्या दृष्टीने मूळ दस्तऐवज हजर झाला होता. यापुढे आणखी काय द्यायचे?

निकाल तीन पायऱ्यांवर घसरला. पहिली वस्तुस्थितीची : १७८८ मध्ये, म्हणजे वसाहत सुरू झाली तेव्हा, याच कुळांच्या पूर्वजांचे याच तुकड्यांशी हेच नाते होते, हे संभाव्यतेच्या तराजूत पुरेसे सिद्ध झाले नाही. गोऱ्यांनी त्या किनाऱ्यावर फारसे पाऊलही न ठेवल्याच्या काळातला लेखी पुरावा आणायचा कुठून, याचे उत्तर निकालात नाही. दुसरी कायद्याची : सामूहिक मूळ हक्क, म्हणजे वसाहतीआधीपासून चालत आलेला समाजाचा जमिनीवरचा हक्क, ही संकल्पना ऑस्ट्रेलियाच्या कोणत्याही भागात कधीच लागू नव्हती. तिसरी पायरी सगळ्यांत गुंतागुंतीची, आणि या टिपणाच्या दृष्टीने महत्त्वाची. मालमत्ता म्हटली की सर्वसाधारणपणे तीन गोष्टी येतात, असे न्यायाधीश म्हणाले : वापरण्याचा वा उपभोगण्याचा हक्क, दुसऱ्याला मज्जाव करण्याचा हक्क आणि हस्तांतराचा हक्क. तिन्ही एकत्र असायलाच हव्यात असा त्यांचा आग्रह नव्हता. पण या मापाने कुळाचे जमिनीशी नाते मालकीचे ठरत नाही, असे त्यांचे मत पडले.

का ठरत नाही? प्रत्यक्ष वहिवाट पाहिली तर जमिनीवर हिंडणारी, शिकार करणारी टोळी एका कुळाची नसायची. तिच्यात बायकोचे कुळ, आईचे कुळ, सोयरे असे सगळे मिसळलेले असत. दुसऱ्या कुळाच्या जमिनीवर कंद खणायला गेले तर दर वेळी परवानगी लागते, असेही पुराव्यात दिसले नाही. विक्रीचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे भोगवटा एकाचा, हक्क दुसऱ्याचा. जमिनीबद्दल या लोकांना मालकीपेक्षा कर्तव्याची जाणीव अधिक आहे आणि कुळाची जमीन म्हणण्यापेक्षा जमिनीचे कुळ म्हणणे जास्त बरोबर ठरेल, अशा निष्कर्षाला न्यायाधीश आले.

निरीक्षण चुकीचे नव्हते. योलंगूही तसेच म्हणतात. गफलत पुढच्या उडीत आहे. आईच्या कुळाच्या जमिनीवर कंद खणता येतो, पण त्या जमिनीची नक्षी काढायची झाली तर ठरलेल्या नात्यांनीच, ठरलेल्या परवानगीने. कुंपण जमिनीभोवती नाही, नक्षीभोवती आहे. मज्जाव करण्याचा हक्क शिकारीच्या वाटांवर शोधला आणि सापडला नाही. तो चित्राच्या चौकटीत शोधला असता तर ठासून भरलेला दिसला असता. यावर उलट म्हणता येईल की नक्षीवरचा हक्क हा जमिनीवरचा हक्क कसा? इंग्रजी कायद्याच्या चौकटीत हा आक्षेप योग्यच आहे, आणि एका न्यायाधीशाने सगळी चौकट मोडावी ही अपेक्षा जास्त होती, असे मानणारे आजही आहेत. निकालानंतर त्याच न्यायाधीशांनी राजकीय नेत्यांना गोपनीय टिपण पाठवून भूमिहक्क देणे नैतिकदृष्ट्या योग्य असल्याचे कळवले होते, हेही नोंदवायला हवे.

अपील झाले नाही. एका न्यायाधीशाचा निकाल पुढे उलटवता येतो. देशाच्या सर्वोच्च पातळीवर हरले तर तेवढीही फट उरत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात १९७३ मध्येच या निकालाच्या तर्कावर कडक टीका झाली. ऑस्ट्रेलियात तो मोडीत निघायला ३ जून १९९२ चा, मूळ हक्क मान्य करणारा माबो निकाल यावा लागला.

पराभवातून निघालेला कायदा

निकालानंतर काही महिन्यांतच सरकारने मालकीऐवजी ५० वर्षांचे पट्टे देऊ केले. उत्तर म्हणून २६ जानेवारी १९७२ रोजी चार तरुणांनी कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावरची छत्री रोवली आणि तिला ‘दूतावास’ म्हटले, कारण आपल्याच देशात ते परके ठरले होते. छत्रीचे तंबू झाले. जुलैत पोलिसांनी ते उखडले आणि ते पुन्हा उभे राहिले.

१९६६ च्या ऑगस्टमध्ये वेव्ह हिलच्या गुरांच्या रँचवरून काम सोडून निघालेल्या गुरिंजी लोकांचा लढा त्या मानाने लवकर फळला. तरी नऊ वर्षे गेलीच. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधानांनी त्यांच्या म्होरक्याच्या तळहातावर मूठभर माती ओतली, तो फोटो शाळेच्या पुस्तकांत असतो. तो दुसऱ्यांदा काढलेला आहे. मूळ समारंभ मांडवाच्या सावलीत झाला होता. छायाचित्रकाराने, जो स्वतः आदिवासी होता, दोघांना उन्हात आणून कृती पुन्हा करायला लावली, म्हणून मागे ते निळे आकाश आहे. आणखी एक बाब फोटोत दिसत नाही. त्या दिवशी मिळाला तो सुमारे ३,३०० चौरस किलोमीटरचा भाडेपट्टा होता. पक्की मालकी १९८६ मध्ये आली.

दरम्यान योलंगूंच्या बाजूने कोर्टात उभे राहिलेले वकील नव्या सरकारच्या चौकशी आयोगाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या शिफारशींवरून १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीपुरता भूमिहक्क कायदा झाला. त्याची व्याख्या पाहण्यासारखी आहे. पारंपरिक मालक कोण? ज्या स्थानिक वंशगटाचे त्या जमिनीवरच्या एखाद्या ठिकाणाशी सामायिक आध्यात्मिक नाते आहे आणि त्या ठिकाणाची मुख्य आध्यात्मिक जबाबदारी ज्याच्यावर आहे, तो गट. १९७१ ला जे कर्तव्य म्हणून मालकीच्या बाहेर ठेवले गेले होते, तीच आता मालकीची कसोटी झाली. यानंतर दाव्यांच्या सुनावण्या झाडाखाली होऊ लागल्या आणि गाणी, नाच, चित्रे पुरावा म्हणून सर्रास पुढे येऊ लागली. आज टेरिटरीची साधारण निम्मी जमीन या कायद्याने आदिवासींच्या अविक्रेय मालकीत आहे. गोव्हचा आधीचा खाणपट्टा मात्र कायद्याने शाबूत ठेवला. ज्यांच्या भांडणातून कायदा आला त्यांनाच खाणीला नाही म्हणायचा अधिकार मिळाला नाही.

१९८८ हे वसाहतीचे दोनशेवे वर्ष. त्या वर्षीची दोन कामे लढ्याच्या इतिहासात बसतात. आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंग भागातल्या ४३ कलाकारांनी पोकळ ओंडक्यांच्या २०० अस्थिपेट्या रंगवल्या, दर वर्षासाठी एक; त्या कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत आणि त्यांच्यामधली वाट ग्लाइड नदीच्या वळणाने जाते. दुसरे बरुंगा निवेदन, म्हणजे बरुंगा गावी पंतप्रधानांना दिलेल्या मागण्या. सुमारे १.२ मीटरचा चौकोनी पाट, मधे मागण्यांचा कागद, आणि भोवती उत्तरेची जाळीदार नक्षी व मध्य वाळवंटाची ठिपक्यांची चित्रे एकत्र. १९६३ चाच आराखडा, फक्त आता दोन प्रदेशांचा. पंतप्रधानांनी जूनमध्ये ते स्वीकारले आणि तह करण्याचे आश्वासन दिले. डिसेंबर १९९१ मध्ये पद सोडताना त्यांनी ते संसद भवनात लावले. तह झाला नाही. टांगण्याची हौस फिटली, वाचण्याचे राहून गेले, असे म्हटले तर ते कुणाला पक्षपाती वाटेल. पण आजही केंद्र सरकारचा एकाही आदिवासी समाजाशी तह नाही.

कॅनव्हासवर उभे राहून

चित्र खऱ्या अर्थाने पुरावा झाले ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटात. या राज्याला स्वतःचा भूमिहक्क कायदा नाही. १९८५ चे विधेयक राज्याच्या वरच्या सभागृहात पडले. उरला तो माबो निकालानंतरचा १९९३ चा मूळ हक्क कायदा. तो जमीन देत नाही. आधीपासून असलेला हक्क अजून टिकून आहे का, एवढेच तपासतो. म्हणजे दावेदारांना आपल्या रूढी अखंड चालू असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि तेही बहुतेक वेळा दुभाष्यामार्फत, इंग्रजीत, उलटतपासणीत. दशकांपूर्वी वाळवंट सोडून रँचवर आलेल्या म्हाताऱ्यांना ते जमत नव्हते.

न्गुरारा दावेदारांनी मार्ग काढला. १९९६ मध्ये त्यांनी पहिला मोठा कॅनव्हास रंगवला, आणि तो पुरेसा नाही असे वाटल्यावर मे १९९७ मध्ये पिर्निनी इथे दुसरा, ८ बाय १० मीटरचा. कापड जमिनीवर पसरले आणि चाळीसेक कलाकार त्यावर बसून ॲक्रिलिकने रंगवत गेले. वाल्माजारी, वांगकाजुंगा, मंगला आणि जुवालिनी अशा चार भाषांची माणसे. प्रत्येकाने आपल्या भागातले बारमाही पाणवठे आणि खणून पाणी काढायच्या जागा मांडल्या. मोजमापाचा नकाशा तो नव्हे. एखादा महत्त्वाचा पाणवठा हातभर मोठा असतो आणि दोन दिवसांची चाल वीतभर. पण कोण कुणाच्या शेजारी, हा क्रम पक्का, आणि दावा सिद्ध करायला क्रमच लागतो. मूळ हक्काचे दावे पाहणाऱ्या न्यायाधिकरणाचे सदस्य तिथे आले तेव्हा प्रत्येक साक्षीदार कॅनव्हासवरच्या आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि स्वतःच्या भाषेत बोलला. दुसऱ्याच्या तुकड्यावर उभे राहून कुणी बोलले नाही.

तरीही दहा वर्षे गेली. ९ नोव्हेंबर २००७ ला सहमतीने निर्णय झाला, ७५,००० चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीवर. दक्षिणेकडच्या स्पिनिफेक्स लोकांनी १९९८ मध्ये असेच दोन मोठे कॅनव्हास केले, एक पुरुषांचा, एक बायकांचा, कारण दोघांच्या अधिकारातली ठिकाणे वेगळी; त्यांचा हक्क २००० मध्ये मान्य झाला. यातली अडचणही सांगायला हवी. पुरावा म्हणून मांडलेले चित्र कोर्टाच्या दप्तरात जाते आणि सगळ्यांना दिसते. म्हणून काय दाखवायचे, कशावर ठिपके घालून झाकायचे, हे आधी ठरवावे लागते. जास्त झाकले तर पुरावा लंगडा पडतो. जास्त उघडे केले तर घरच्या म्हाताऱ्यांचा रोष पत्करावा लागतो, आणि एकदा उघडे झालेले पुन्हा झाकता येत नाही.

योलंगू याच सुमारास समुद्राकडे वळले होते. १९९६ मध्ये ब्लू मड उपसागराच्या काठी, मडार्पा कुळाच्या पवित्र जागी, चोरून बारामुंडी मासे धरणाऱ्यांच्या तळावर गोणपाटात मगरीचे कापलेले मुंडके सापडले. मगर या कुळाची पूर्वज. विटंबना याहून मोठी काय असणार? पंचक्रोशीतल्या ४७ कलाकारांनी ८० सालचित्रे रंगवली आणि त्यांत भरतीचे पाणी, गोड्या-खाऱ्या पाण्याचा संगम, प्रवाह आणि खडक हे सगळे कुळवार मांडले. संग्रह सागरी संग्रहालयाने विकत घेतला आणि त्यातली चित्रे समुद्रहक्काच्या खटल्यात उपयोगी पडली. ३० जुलै २००८ ला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (नाव ‘उच्च’ असले तरी देशातले शेवटचे न्यायालय तेच) ५ विरुद्ध २ मतांनी ठरवले की आदिवासी जमिनीलगतच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वर पाणी असतानाही परवान्याशिवाय मासेमारी करता येणार नाही. टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला हा नियम लागू झाला. १९७१ ला मज्जावाचा हक्क कुठे दिसला नव्हता; इथे तो समुद्राच्या पाण्यावर मिळाला. निकालाचा कायदेशीर पाया १९७६ चा कायदा होता, साली नव्हत्या, हे खरे. पण लढा उभा राहिला तो त्या सालींवर.

झेंड्याची कथा वेगळ्या वाटेने गेली. काळा, लाल आणि मधे पिवळे वर्तुळ असलेला हा झेंडा जुलै १९७१ मध्ये ॲडलेडमध्ये पहिल्यांदा फडकला, आणि तंबू दूतावासाने तो देशभर नेला. तो एका कलाकाराची निर्मिती आहे, हे न्यायालयाने १९९७ मध्ये मान्य केले, म्हणजे कॉपीराइटही त्याचाच. नंतर कपड्यांवर छपाईचे हक्क एका खासगी कंपनीला दिले गेले आणि आदिवासी संस्थांनाच टी-शर्ट छापल्याबद्दल नोटिसा येऊ लागल्या, तेव्हा ओरड झाली. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने २ कोटी डॉलरहून थोडी जास्त रक्कम मोजून तो मोकळा केला.

भोकांचा हिशेब

यिरकालात आता चित्रेही खाणीच्या भंगारावर होतात. कलाकेंद्राचा जुना दंडक आहे : जमीन रंगवायची तर जमिनीचेच साहित्य वापरा, म्हणजे साल, ओंडका आणि माती. नव्या कलाकारांनी विचारले, की आमच्या जमिनीवर टाकून दिलेला पत्रा, कन्व्हेयरचे रबर आणि रस्त्याची पाटी हेही आता जमिनीवरचेच नाही का? वडीलधाऱ्यांनी ते चालवून घेतले. अट नक्षीला कायम आहे. ती ज्याची त्यानेच काढायची.

आदिवासी प्रतिनिधींनी काढलेल्या २०१७ च्या उलुरू निवेदनानेही मधे मजकूर, भोवती सह्या आणि चित्राची चौकट, हाच आराखडा घेतला. त्यातली संसदेपुढे आवाज असण्याची मागणी १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ६० टक्के मतांनी फेटाळली गेली. राजकारणात दार लागले. कोर्टात मात्र एक उघडले.

मार्च २०१९ मध्ये टिंबर क्रीक गावच्या खटल्यात उच्च न्यायालयापुढे प्रश्न होता की मूळ हक्क बुडाला तर भरपाई कशी मोजायची. जमिनीचे बाजारमूल्य आणि व्याज यांशिवाय सांस्कृतिक हानीसाठी १३ लाख डॉलर मान्य झाले. आक्षेप असा होता की इमारती आणि रस्ते हे विखुरलेले छोटे तुकडे आहेत. एवढ्यासाठी इतके पैसे कशाला? न्यायाधीशांनी उत्तर देताना चित्राचा दाखला घेतला : एकाच मोठ्या चित्राला ठिकठिकाणी भोके पाडली, तर नुकसान भोकाच्या आकारावरून मोजत नाहीत, संपूर्ण चित्रावरून मोजतात.

१२ मार्च २०२५ च्या निकालाने हे माप गोव्हपर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली. दावा गुमाच कुळाचा. तो दाखल करणारे पुढारी १९७१ च्या खटल्यात कोर्टात दुभाषी होते. एप्रिल २०२३ मध्ये, निकाल यायच्या आधीच, ते वारले. टेरिटरीला १९७८ मध्ये स्वराज्य मिळण्यापूर्वी केंद्र सरकारने तिथला मूळ हक्क बुडवला असेल, तर राज्यघटनेनुसार त्याची रास्त भरपाई द्यावी लागते, असे उच्च न्यायालयाने ठरवले. सरकारचे म्हणणे होते की टेरिटरीला हे कलम लागूच नाही. भरपाई किती आणि कोणत्या कुळाला किती, हे खालच्या न्यायालयात ठरायचे आहे. बॉक्साइटची खाण काही गावाच्या रस्त्याएवढी नाही, आणि खणलेल्या पट्ट्यात एकाहून अधिक कुळांच्या नक्षी येतात.